धाकटीचा पाय

गाडी धाकटीची होती, पण ब्रेक दोघींचे होते. एक कंपनीने बसवलेला, धाकटीच्या पायाखाली. दुसरा थोरलीने आपल्या मनाने बसवलेला, शेजारच्या सीटसमोर, जिथे नुसती रबरी चटई होती. समोर कुत्रं दिसलं, सायकल दिसली, लांबवर कुणी रस्ता ओलांडायचा नुसता विचार करताना दिसलं, की थोरलीचा पाय चटईवर धाडकन पडे आणि तोंडातून "हळू!" निघे. डोळे अधू झाल्यापासून तर ती अंदाजाने ब्रेक दाबू लागली होती. टपालपेट्यांसाठीसुद्धा दाबायची. इतक्या वर्षांत त्या जागी चटईला भोक पडलं. धाकटीने नवी चटई आणली, तिलाही पडलं. मग तिने नाद सोडला.

दोघी सख्ख्या बहिणी. थोरलीने लग्न केलं नाही. धाकटीचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगा गावाच्या दुसऱ्या टोकाला आपल्या संसारात होता. दोघी चढावरच्या शेवटच्या घरात राहत. तिथवर बस येत नसे. चढ दिसला की ती बेकरीपाशी तोंड फिरवून परत जाई. त्यामुळे थोरलीच्या कुरकुरणाऱ्या गुडघ्यांना बाहेरचं जग दाखवायचं काम त्या लहानशा पिवळ्या गाडीकडे होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं, वाचनालयात जायचं, आणि आठवड्यातून एकदा तळ्याकाठी. तिथे दोघी गाडीतच बसून थर्मासमधली कॉफी पीत आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना नावं ठेवत. धाकटी वर्णन करी, थोरली निकाल देई. निकाल द्यायला माणूस दिसावा लागतो, असं थोरलीचं कधीच मत नव्हतं.

अलीकडे ब्रेक जड लागू लागला होता. एका दिवसात नाही, हळूहळू. आधी धाकटीला वाटलं चपलेचा तळ घसरतोय, म्हणून तिने चप्पल बदलली. मग तिने सीट पुढे ओढली. मग तिच्या लक्षात आलं, की लाल दिव्यापाशी थांबताना ती बसल्या जागेवरून किंचित उठते आणि अंगाचा सगळा भार पायावर टाकते. घरी जिना चढताना ती तोच पाय निरखून बघायची. दिसायला ठीक होता. पण थोरलीचे गुडघेही एके काळी दिसायला ठीकच होते.

तिने हे कुणालाच सांगितलं नाही. त्या घरात दुखण्यांचं खातं थोरलीकडे होतं, आणि गाडी चालवणाऱ्याने कुरकुर केली की बसणाऱ्याने कुणाच्या भरवशावर बसायचं? पासिंगची तारीख जवळ आली तसं मात्र तिला बरं वाटू लागलं. लोक पासिंगला जाताना गाडीत काही निघू नये म्हणून देव पाण्यात घालतात. ही बाई मनातल्या मनात म्हणत होती, काहीतरी निघू दे. मोठं नको, पण ब्रेकमध्ये निघू दे.

तपासणी केंद्र म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड. एका बाजूने ट्रक आणि बसगाड्या शिरत, दुसऱ्या बाजूने लहान गाड्या. लहान गाड्यांचा नेहमीचा तपासनीस रजेवर होता, त्याची बायको बाळंत झाली होती. म्हणून त्या दिवशी ट्रकांच्या बाजूचा माणूस इकडे आला होता. चांगला दांडगा गडी. मांडी अशी, की पँट शिवणाऱ्याने कापड जास्तच मागितलं असणार. तो पिवळ्या गाडीत बसला तेव्हा थोरल्या भावाने धाकट्याचा सदरा चढवावा तसं वाटलं. गाडी त्याने रोलरवर घेतली, डोकं एका बाजूला कलतं करून कान दिला आणि ब्रेक दाबला. भिंतीवरच्या यंत्राचा काटा टुणकन वर गेला.

"ब्रेक चोख आहे, मावशी," तो खिडकीतून म्हणाला. मग त्याची नजर शेजारच्या चटईवर गेली. "इथं कोण बसतं?"

"माझी मोठी बहीण."

"आमच्या घरी अशी एक आहे. तिनंही भोक पाडलंय." तो खो खो हसला.

धाकटीही हसली. हसता हसता तिने विचारायचं ठरवलं. "ब्रेक जरा..." एवढं ती म्हणाली आणि मागे कुठलासा ट्रक सुरू झाला. सगळी शेड दणाणली.

"काही म्हणालात?"

"काही नाही," धाकटी म्हणाली. काटा तिने आपल्या डोळ्यांनी पाहिला होता. आता विचारायचं ते काय?

सर्टिफिकेट हातात आलं. ती गाडीत बसून ते वाचत राहिली. दिवे योग्य. सुकाणू योग्य. टायर योग्य, मात्र मागचा एक लवकर बदलावा. ब्रेक योग्य. खाली शिक्का आणि तपासनिसाची धष्टपुष्ट सही. दुसरं कुणी असतं तर कागद घडी घालून घरी गेलं असतं. धाकटीने मात्र तो कागद असा वाचला, की गाडीत सगळं ठीक आहे, म्हणजे बिघाड चालवणारीत आहे.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. दोघी तळ्याला निघाल्या होत्या. चढ उतरून गाडी बेकरीपाशी आली आणि दोन दुकानांच्या मधून एक बाई बाबागाडी ढकलत रस्त्यावर आली. थोरलीचा पाय चटईवर आपटला, "हळू!" झालं. धाकटीनेही दाबला. दात आवळून, सीटवरून उठून, असेल नसेल तेवढा जोर लावून दाबला. गाडी मंदावली, पण थांबेना. तिने सुकाणू फिरवलं. गाडी कडेच्या कचऱ्याच्या पिंपावर जाऊन धडकली, पिंप आडवं झालं आणि गडगडत बेकरीच्या पायरीपर्यंत गेलं.

बाबागाडीला धक्काही लागला नव्हता. आतलं पोर झोपेतच होतं. ती बाई ओरडली नाही, भांडली नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ती बाबागाडीचा दांडा दोन्ही हातांनी धरून नुसती उभी होती. धाकटीला वाटलं, हिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"लागलं नाही ना कुणाला?" थोरलीने विचारलं.

"नाही, ताई."

"बरं." मग बऱ्याच वेळाने, अगदी हळू आवाजात, "चल, चिमे, घरी जाऊ."

चिमी हे धाकटीचं लहानपणचं नाव. केस पिकले तरी थोरलीच्या तोंडून ते सुटलं नव्हतं. धाकटीने गाडी वळवली आणि चढ चढायला लागली. वाटेत सायकलवाला आला, एक कुत्रं आडवं गेलं, टपालपेटी आली. शेजारून हूं की चूं नाही. तिने तिरप्या नजरेने खाली पाहिलं. थोरलीने दोन्ही पाय मागे ओढून सीटखाली घेतले होते आणि एकावर एक घट्ट दाबून ठेवले होते, परक्याच्या घरी बसावं तसे. चटईचं भोक उघडं पडलं होतं.

आयुष्यभर जिने धाकटीच्या प्रत्येक कामात नाक खुपसलं, ती आज हिला दुखवायला नको म्हणून आपला पाय धरून बसली होती. बाबागाडीवालीच्या चेहऱ्यापेक्षा ते मागे घेतलेले पाय तिला जास्त लागले.

त्या संध्याकाळी तिने मुलाला बोलावून घेतलं आणि चावी त्याच्यापुढे ठेवली.

"विकून टाक."

मुलगा समजूतदार होता. आईला खोदून खोदून विचारणाऱ्यांतला नव्हता. तरी त्याने विचारलं, "गाडीला काही झालंय का, आई?"

"गाडीला काय होणार? आत्ताच पासिंग झालंय. हे बघ." तिने सर्टिफिकेट दाखवलं. "ब्रेक योग्य. गाडी पास झाली, आई नापास झाली."

ती हसली. मुलगा हसला नाही. त्याने कागद नीट वाचला, आईच्या पायाकडे पाहिलं आणि चटकन नजर काढून घेतली. "माझ्या ऑफिसातल्या एकाला मुलीसाठी लहान गाडी हवीच आहे," तो म्हणाला. "रविवारी घेऊन येतो त्याला. आणि तुम्हा दोघींना कुठं जायचं असेल तर मी आहे ना. एक फोन करायचा."

तो मनापासून बोलत होता. पण तळ्याकाठी बसून लोकांना नावं ठेवायचीत, चल, असं म्हणायला मुलाला कुणी फोन करत नाही. धाकटीला ते कळत होतं. थोरलीलाही कळत होतं. ती कोपऱ्यातल्या खुर्चीत लोकर गुंडाळत बसली होती.

रविवार जवळ आला तशी धाकटी गाडीची कागदपत्रं एकत्र करायला लागली. सगळी मिळाली, एक सर्टिफिकेट तेवढं मिळेना. कपाटाचा खण पाहिला, पर्स उलटी केली, गाडीतला कप्पा पाहिला.

"ताई, तू पाहिलंस का गं?"

"मला काय दिसतंय?" थोरली म्हणाली. डोळ्यांचा असा सोयीस्कर उपयोग ती अधूनमधून करी. धाकटीच्या ते ध्यानात यायला हवं होतं, पण तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं.

शेवटी दुसरी प्रत आणायला ती निघाली. गाडीला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं, म्हणून चढ पायी उतरली आणि बेकरीपाशी बस धरली. पिंप कुणीतरी पुन्हा उभं करून ठेवलं होतं. त्याच्या पोटाला पोचा पडला होता. ती दुसरीकडे बघत बसली.

केंद्रातल्या खिडकीवरची मुलगी म्हणाली, "प्रत मिळेल, पण ज्यांनी तपासली त्यांची सही लागेल. पलीकडे ट्रकांच्या बाजूला आहेत बघा."

दांडगा तपासनीस एका बसच्या चाकापाशी उकिडवा बसून कान देत होता. धाकटीला पाहून त्याला आधी चटई आठवली. "काय मावशी! बहीणबाई काय म्हणतात?"

"गाडी विकतेय. सर्टिफिकेट हरवलंय, प्रत हवी."

"अहो, का विकताय? गुणाची गाडी आहे."

"गाडी गुणाची आहे. माझा पाय गेला." अनोळखी माणसाला सांगणं सोपं असतं. जे तिने बहिणीला सांगितलं नव्हतं, मुलाला सांगितलं नव्हतं, ते त्या ऑइलच्या वासात उभ्याउभ्या तिच्या तोंडून निघालं. "दाबायला जोरच उरला नाही हो. लाल दिवा आला की सीटवरून उठावं लागतं. परवा एका बाळाच्या गाडीवर जाणार होते मी. थोडक्यात वाचलं."

तपासनिसाचं हसू मावळलं. त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"उठावं लागतं म्हणजे? बूड सीटवरून सुटतं?"

"हो."

"इंजिन चालू असताना?"

"मग काय, बंद गाडी थांबवायला उठेन?"

तो बाजूला पडलेल्या एका जुन्या टायरवर बसला. थोडा वेळ आपल्याच मांडीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही मला काहीतरी विचारत होतात. ट्रक सुरू झाला होता."

"हं."

"ब्रेक जड लागतो, हेच ना?"

धाकटीने मान हलवली.

"मावशी, लहान गाडीच्या ब्रेकला मदतनीस असतो. बूस्टर म्हणतात. तुम्ही हलकेच दाबायचं, बाकीचा जोर त्याने लावायचा. तो बंद पडला, तरी ब्रेक लागतो, पण सगळा जोर तुमचा. त्याची एक वेगळी तपासणी असते. आणि ती..." तो अडखळला. "ती मी केली नाही. या मोठ्या गाड्यांचे ब्रेक हवेवर चालतात. बिघडले की फुसफुसतात. मी वर्षानुवर्षं कानानेच धरत आलो. तुमची गाडी गप्प होती. आणि माझा हा पाय! दिवसभर ट्रकांचे क्लच दाबणारा पाय. त्याला जड काय आणि हलकं काय. मी दाबला, काटा वर गेला, मी लिहून मोकळा झालो."

धाकटीला एकदम काही कळेना. एवढंच कळलं, की या माणसाच्या कपाळावर घाम आला आहे.

"म्हणजे पाय गेला नाही माझा?"

"ते बघितल्याशिवाय सांगणार नाही," तो म्हणाला. "एकदा न बघता सांगितलं, तेवढं पुरे झालं. प्रत देत नाही तुम्हाला. साहेबांना सांगतो आणि संध्याकाळी घरी येतो. तोवर गाडीच्या चावीला हात लावू नका. कुणालाच लावू देऊ नका."

तो आला तेव्हा उन्हं कलली होती. जड बुटांनी चढ चढून त्याला धाप लागली होती. ट्रकांच्या बाजूला काम करणाऱ्यांना चालायची सवय नसते. मुलगाही आलेला होता. गिऱ्हाइकाला दाखवायची म्हणून गाडी धुवायला तो बादली घेऊन उभा होता आणि दारात अचानक तपासणी केंद्राचा माणूस बघून गोंधळला होता. केंद्रावरचं सगळं धाकटीकडून काढून घेऊन थोरली पायरीवर खुर्ची टाकून बसली होती. तिला दिसत बेताचंच होतं, पण कान शाबूत होते.

"मावशी, तुम्ही बसा गाडीत," तपासनीस म्हणाला. "मी नाही बसणार. इंजिन बंद असू द्या. आता ब्रेक चार-पाचदा दाबा. दाबलात? आता दाबून धरा, सोडायचा नाही. आणि तसाच धरून गाडी सुरू करा."

इंजिन सुरू झालं.

"पायाखाली काही झालं?"

"काय व्हायला हवं होतं?"

"ते आधी सांगणार नाही. झालं का काही?"

"नाही बाई. दगडावर पाय ठेवावा तसंच आहे."

"बरं. बंद करा." तो मुलाकडे वळला. "साहेब, तुमची गाडी जरा वापरू का?"

मुलाची गाडी फाटकाशी उभी होती. धाकटी तिच्यात बिचकतच बसली. गाडीला हात लावायचा नाही असं तिने मनाशी ठरवलं होतं आणि इथे तर मुलाच्या गाडीत बसायची वेळ आली. पुन्हा तेच. इंजिन बंद, चार-पाचदा दाबला, दाबून धरला. पॅडल तसंच दगडासारखं झालं. तिने डोळे मिटून घेतले आणि चावी फिरवली.

पायाखालचं पॅडल खाली गेलं. तिने काहीही केलं नव्हतं. तिच्या त्याच पायाखाली, तेवढ्याच जोरात, ते मऊ होऊन आपसूक खाली उतरलं.

"अगं बाई!" धाकटी ओरडली.

"गेलं खाली?"

"गेलं! आपोआप गेलं!"

"जायलाच हवं," तपासनीस म्हणाला. "तो मदतनीस कामाला लागला, की जातं. तुमच्या गाडीत तो कामालाच लागत नाही. तुमचं वय झालं नाही असं मी म्हणत नाही, मावशी. ते डॉक्टरांना विचारा. पण इतके दिवस तुम्ही दोघांचं काम एकट्या पायाने करत होतात. गेलेल्या पायाला हे जमत नसतं."

धाकटीने ब्रेक सोडला, परत दाबला. परत सोडला, परत दाबला. मग तिने सुकाणूवर डोकं टेकलं आणि रडायला लागली. लाजबीज सगळी बाजूला ठेवून, मुलासमोर, परक्या माणसासमोर हुंदके देऊन रडली. इतके दिवस आपण कुणाचा तरी जीव घेणार या भीतीने ती रात्री कूस बदलत होती. ती सगळी भीती आता वाट मिळेल तशी बाहेर पडत होती.

मुलगा खिडकीशी येऊन उभा राहिला. "आई, मी एकदा चालवून तरी बघायला हवी होती गं. कागद बघितला आणि गप्प बसलो."

"मी तरी काय केलं?" धाकटी नाक पुसत म्हणाली. "मीही गप्पच बसले की."

पायरीवरून थोरलीचा आवाज आला. "अहो, तपासनीस!"

तो तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"म्हणजे तुमच्या पायाच्या मस्तीपायी माझ्या बहिणीने आपला पाय मोडीत काढला होता. त्या बाईचं पोर गेलं असतं म्हणजे?"

"हो," तो म्हणाला. एवढंच. ट्रक सुरू झाला होता, नेहमीचा माणूस रजेवर होता, यातलं काहीही तो बोलला नाही.

थोरलीने पुढचं बरंच काही तयार ठेवलं होतं. पण समोरचा वाद घालेना, तेव्हा तिचा नाइलाज झाला. "बसा," ती म्हणाली. "धाप लागलीय तुम्हाला. पाणी प्या."

पाणी पिऊन त्याने सर्टिफिकेट मागितलं. ते रद्द करायला हवं होतं, आणि मूळ कागद हातात आला तर बरं. "पण तुमचं तर हरवलंय म्हणालात."

थोरली उठली, भिंतीला धरत आत गेली आणि लोकरीच्या गुंड्यांचा डबा घेऊन आली. तळाशी, निळ्या लोकरीखाली, सर्टिफिकेट व्यवस्थित घडी घालून ठेवलेलं होतं.

"ताई!" धाकटीने डोळे वटारले. "हे सापडलं कुठं तुला?"

"सापडलं कुठं? होतं तिथेच होतं," थोरली म्हणाली. "कागदाशिवाय गाडी विकता येत नाही, एवढं मला बिनडोळ्यांचं कळतं."

तपासनिसाने कागद मांडीवर घेतला, आपल्या सहीवर तिरपी रेघ मारली आणि वर 'रद्द' लिहून तारीख घातली. साहेबांनी त्याला ऐकवायचं ते ऐकवलं होतं आणि अजून ऐकवणार होते. मग धाकटीकडे बघून तो म्हणाला, "एक सांगतो, मावशी. हा कागद गाडीबद्दल बोलतो. तोही त्या एका दिवशीच्या गाडीबद्दल, आणि तपासणाऱ्याने जेवढं बघितलं तेवढंच. दुसऱ्या दिवशी काय होईल ते त्यात नाही. आणि तुमच्याबद्दल तर एक ओळही नाही. तुम्ही ती कुठून वाचलीत?"



गाडी दुसऱ्या गाडीला बांधून गॅरेजात नेली. मेकॅनिकने इंजिनापासून बूस्टरला जाणारी एक रबरी नळी काढून धाकटीच्या हातावर ठेवली. बाहेरून धडधाकट होती. आतून मात्र रबर फुगून तिचा मार्ग पार बुजला होता. कुठे फाटलेली नाही, कुठे गळत नाही, आवाज करायला तिला जागाच नव्हती. धाकटीने तिच्यातून आरपार बघायचा प्रयत्न केला. काहीच दिसलं नाही. नवी नळी बसली, मागचा टायरही बदलला. पुन्हा तपासणी झाली. या वेळी लहान गाड्यांचा नेहमीचा माणूस होता, रजेवरून आलेला, झोप न झालेला, तरी खूश. दांडगा तपासनीस ट्रकांची बाजू सोडून मुद्दाम येऊन उभा राहिला आणि बूस्टरची तपासणी डोळ्यांत तेल घालून बघत होता. मुलाने ऑफिसातल्या माणसाला आधीच नाही म्हणून सांगितलं होतं.

नवीन सर्टिफिकेट धाकटीने तिथेच वाचलं. जे लिहिलं होतं तेवढंच वाचलं आणि घडी घालून कप्प्यात ठेवलं.

मग तळ्याला जायचा दिवस उजाडला. थर्मास भरला, थोरलीला हात देऊन बसवलं. गाडी फाटकाबाहेर पडली. धाकटीने हळूच खाली पाहिलं. थोरलीचे पाय सीटखालीच होते. मागे घेतलेले, एकावर एक.

नळी बदलता येते, कागद रद्द करता येतो. पण एकदा घाबरलेल्या माणसाला बिनधास्त बस असं सांगून थोडंच बसवता येतं? उतार सुरू झाला. सायकलवाला गेला, टपालपेटी गेली. पाय हलले नाहीत. बेकरी जवळ आली. पोचा पडलेलं पिंप दिसलं. आणि त्याच दोन दुकानांच्या मधून एक मांजर टुणकन रस्त्यावर आलं.

धाकटीने दाबला. पण सवय जुनीच होती. दात आवळून, सीटवरून उठून, अंगातला सगळा जोर काढून दाबला, आणि आता पायाखाली मदतनीस जागा होता. गाडी जागच्या जागी खाडकन थांबली. थर्मास गडगडत पुढे आला. दोघी पट्ट्यांत अडकून पुढे झुकल्या आणि धप्पकन मागे आदळल्या. मांजर कधीच पलीकडे पोचून अंग चाटायला लागलं होतं.

आणि मग चटईवर तो आवाज झाला. धाडकन. दोन्ही पाय पडले होते, बरोबर भोकाच्या जागी.

"हळू!" थोरली कडाडली. "जीव घेतेस का माझा? अगं, ब्रेक आहे की काय आहे? इतक्या वर्षांत शिकली नाहीस ती नाहीसच! पुढे बघ! आणि तो थर्मास आधी उचल!"

गाडी शिकल्यापासून धाकटीने या बोलण्याला कधी सरळ उत्तर दिलं नव्हतं. आज तिचे डोळे भरून आले होते, समोरचा रस्ता पुसट दिसत होता.

"हो, ताई," ती म्हणाली.

तिने थर्मास उचलून दिला, डोळे पुसले आणि ब्रेकवरून पाय अलगद काढला. गाडी पुढे सरकली. पुढच्या वळणावर एक टपालपेटी होती. थोरलीने तिच्यासाठीही ब्रेक दाबला.